अक्कल, हकीकत आणि माहीमचे भाष्यकार

१

मराठीत ‘हिकमत’ म्हणजे युक्ती, ‘हकीकत’ म्हणजे घडलेला वृत्तांत, ‘मारफत’ म्हणजे कोणाच्या तरी द्वारा, ‘मुकाम’ म्हणजे प्रवासातील तळ आणि ‘हाल’ म्हणजे यातना. अरबी तत्त्वचिंतनात या शब्दांना वेगळे वजन होते. ‘हिक्मा’ हे तत्त्वज्ञानाचेच एक नाव होते. ‘हकीका’ म्हणजे परमसत्य आणि ‘मारिफा’ म्हणजे त्या सत्याची साक्षात् ओळख. साधकाने प्रयत्नपूर्वक गाठलेली पायरी हा ‘मकाम’, तर त्याच्या अंतःकरणावर अनुग्रहाने उतरणारी अवस्था हा ‘हाल’. बुद्धीचे नाव ‘अक्ल’. मराठीत तिची ‘अक्कल’ झाली आणि तिचा उल्लेख आपण बहुधा तिच्या अभावाच्या संदर्भातच करतो.

हे शब्द मराठीत फार्सीच्या वाटेने आले, आणि ती वाट मुख्यतः कचेरीची, फडाची व लष्कराची होती. शिवकाळात सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ची रचना पाहिली तरी हे ध्यानी येते. राजदरबार, कोठार, शस्त्रे, दुर्ग अशा व्यवहाराच्या अंगांनी तेथे यावनी शब्दांची वर्गवारी केलेली आहे. मदरशातील वा खानकाहमधील परिभाषा या वाटेने येणे शक्यच नव्हते. शब्द आले, त्यांचे शास्त्र मागे राहिले. या अर्थसंकोचाबद्दल भाषाशास्त्रज्ञाने खंत करण्याचे कारण नाही, कारण कोणतीही भाषा उसन्या शब्दांना आपल्या गरजेप्रमाणेच वळण लावते. समीक्षकाला मात्र येथे एक प्रश्न विचारावा लागतो : ज्या शास्त्राचे हे शब्द होते ते शास्त्र या भूमीवर नव्हतेच काय? की ते होते, परंतु ज्या भाषेत व ज्या वाङ्मयप्रकारात होते तेथे आपण पाहिलेच नाही?

मराठी अभ्यासकांनी सूफी विचाराची उपेक्षा केली असे म्हणता येणार नाही. सेतुमाधवराव पगडी यांचे सूफी संप्रदायावरील लेखन आणि रा. चिं. ढेरे यांचा ‘मुसलमान मराठी संतकवी’ हा ग्रंथ ही या क्षेत्रातील पायाभूत कामे होत. तथापि, या विषयाच्या मराठीतील एकंदर चर्चेचा रोख समन्वय, प्रेम, उदारता आणि भक्तिसंप्रदायाशी साम्य यांकडे राहिला. परिणामी सूफी म्हटला की तो भावनेचा प्रतिनिधी, मुल्ला म्हटला की तो कर्मठतेचा, आणि बुद्धी म्हटली की ती बगदाद वा कॉर्डोव्हा येथील दोनचार ‘तत्त्वज्ञां’ची, अशी एक सोयीची विभागणी रूढ झाली. ही विभागणी कोकणच्याच एका ग्रंथकाराच्या संदर्भात कशी अपुरी पडते, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते ग्रंथकार म्हणजे मखदूम फकीह अली माहिमी.

२

प्रथम ही विभागणी आली कोठून हे पाहिले पाहिजे. तिचे प्रचलित कथानक थोडक्यात असे. फाराबी आणि इब्न सीना (९८०–१०३७) यांनी ग्रीक तत्त्वज्ञानाच्या आधारे बुद्धीचे राज्य उभारले. १०९५ च्या सुमारास गझाली यांनी ‘तहाफुत अल्-फलासिफा’ लिहून त्याला सुरुंग लावला. इब्न रुश्द (११२६–११९८) यांनी अंदालुसमधून अखेरचा प्रतिकार केला, परंतु तो व्यर्थ गेला. आणि त्यानंतर मुस्लिम जगात तर्काच्या जागी गूढवाद येऊन बसला. एर्न्येस्त रनाँ या फ्रेंच पंडिताच्या इब्न रुश्दवरील ग्रंथाने (१८५२) आणि पुढे १८८३ च्या त्याच्या सोरबोन येथील व्याख्यानाने या कथानकाला एकोणिसाव्या शतकात प्रतिष्ठा मिळाली. युरोपचा उदय सांगण्यासाठी इतरांचा अस्त आवश्यक होता, आणि गझाली हे त्या अस्ताचे सोयीचे निमित्त ठरले.

हे कथानक मूळ ग्रंथांपुढे टिकत नाही. गझाली यांनी तत्त्वज्ञांच्या वीस सिद्धान्तांची चिकित्सा केली. त्यांतील जगाचे अनादित्व, ईश्वराला विशेषांचे ज्ञान नसणे आणि देहासह पुनरुत्थानाचा नकार या तिहींनाच त्यांनी धर्मबाह्य ठरवले. तर्कशास्त्राला त्यांनी हात लावला नाही. उलट विधिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाला त्यांनी तर्कशास्त्राची प्रस्तावना जोडली आणि ज्याला तर्क येत नाही त्याच्या विद्येवर विसंबता येत नाही अशी भूमिका घेतली. या प्रस्तावनेमुळे तर्कशास्त्राला मदरशाचे दार खुले झाले. तत्त्वज्ञांचा पाडाव करणारा हा पुरुषच तत्त्वज्ञांच्या साधनाचा सर्वांत मोठा प्रसारक ठरला.

दुसऱ्या बाजूला, इब्न सीना यांच्या ‘इशारात’चा अखेरचा भाग साधकांच्या पायऱ्यांचे विवेचन करतो. ‘वुजूद’ म्हणजे सत्ता, तिच्यातील अवश्यंभावी आणि संभाव्य हा भेद, ही इब्न सीना यांच्या मीमांसेची मध्यवर्ती कल्पना होय. हीच परिभाषा पुढे इब्न अरबी (११६५–१२४०) यांच्या संप्रदायाने उचलली. त्यांचे शिष्य सद्रुद्दीन कुनवी यांनी नसीरुद्दीन तूसी या आपल्या काळच्या श्रेष्ठ गणिती व तत्त्वज्ञाशी पत्रव्यवहार करून बुद्धीची मर्यादा कोठे येते याची चर्चा केली. कुनवी आणि तूसी दोघेही १२७४ मध्ये निवर्तले. त्यांच्या पत्रांत गूढवादी आणि तत्त्वज्ञ परस्परांची भाषा जाणतात, एकमेकांचे ग्रंथ वाचतात आणि नेमक्या मुद्द्यावर मतभेद नोंदवतात. शत्रुत्वाचे कथानक येथे कोलमडते.

इब्न अरबी यांनी तरुणपणी कॉर्डोव्हा येथे इब्न रुश्द यांची भेट घेतल्याची नोंद स्वतःच केली आहे. चिंतनाने जे कळते तेच साक्षात्काराने मिळते काय, या वृद्ध तत्त्वज्ञाच्या प्रश्नाला तरुणाने होकार आणि नकार दोन्ही दिले. त्या दुहेरी उत्तरामागील विचार त्यांच्या ‘फुसूस अल्-हिकम’मधील शुऐब पैगंबरांवरील प्रकरणात शब्दव्युत्पत्तीच्या आधारे उलगडतो. ‘अक्ल’ या शब्दाच्या धातूत बांधण्याचा अर्थ आहे. उंटाचा पाय बांधण्याच्या दोरीला ‘इकाल’ म्हणतात. ‘कल्ब’ म्हणजे हृदय. त्याच्या धातूत पालटण्याचा, वळण्याचा अर्थ आहे. बुद्धी सत्याला एका लक्षणाशी बांधते, हृदय त्याच्या पालटत्या रूपांबरोबर वळते. या मांडणीत बुद्धीचा त्याग नाही. बांधल्यावाचून उंट हाती राहत नाही, आणि बांधलेला उंट वाट चालत नाही, अशी ही अडचण आहे.

३

दख्खनमध्ये हा ताण चौदाव्या शतकातच पोहोचला. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद करून तेथे राजधानी वसवली, तेव्हा दिल्लीतील विद्वान व सूफी मोठ्या संख्येने येथे आले. बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) आणि निजामुद्दीन औलियांची संभाषणे लिहून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्जी यांच्या कबरी आज खुलदाबादेत आहेत. याच सुलतानाच्या भोवती तर्कवाद्यांचाही वावर होता. इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने सुलतानाच्या कठोरपणाचे खापर साद ‘मंतिकी’, म्हणजे तर्कशास्त्री साद, यांसारख्यांच्या संगतीवर फोडले. बरनीच्या लेखी तर्क हा राजाचे हृदय कोरडे करणारा रोग होता. एकाच राज्यकर्त्याच्या निर्णयाने खुलदाबादच्या खानकाह वसल्या, आणि त्याच राज्यकर्त्याला तर्काने बिघडवले, अशी तक्रारही आपल्यापर्यंत आली.

पुढच्या पिढीत बहमनी सुलतान फिरोजशहा (१३९७–१४२२) हा गणित, तर्क व खगोल यांचा व्यासंगी होता. १४०७ मध्ये त्याने दौलताबादजवळच्या घाटात वेधशाळा बांधावयास घेतली. ज्या हकीम हसन गिलानी यांच्यावर ते काम सोपवले होते त्यांच्या निधनाने ते अपुरे राहिले. फरिश्ता सांगतो की, गुलबर्ग्यास आलेले सूफी गेसूदराज यांची शास्त्रविद्या सुलतानाला पुरेशी वाटली नाही आणि दोघांत दुरावा आला. वेधशाळेचा सुलतान आणि अध्यात्माचा पीर हे चित्र कोणालाही भुरळ घालील असे आहे. परंतु फरिश्ता हा या घटनांनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहीत होता, हे एक. आणि दुसरे असे की, गेसूदराज हे शास्त्रशून्य साधू नव्हते. कुराणावरील भाष्यासह अनेक ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत, आणि इब्न अरबी यांच्या सत्ताविषयक सिद्धान्तावर त्यांनी टीका केली आहे.

ही शेवटची बाब महत्त्वाची आहे. गेसूदराज गुलबर्ग्यात इब्न अरबींचे खंडन करीत होते, त्याच काळात माहीमला त्यांचे मंडन चालू होते. म्हणजे खरा वाद गूढवादाच्या अंतर्भागात होता, आणि तो प्रमाणे, पूर्वपक्ष व सिद्धान्त यांच्या भाषेत चालला होता.

४

माहीम त्या काळी बेट होते. उत्तर कोकणच्या किनाऱ्याचा आजचा नकाशा भरावाने आणि महामार्गांनी इतका बदलला आहे की, जुना जलमार्ग कल्पनेने उभा करावा लागतो. ठाण्याची खाडी, तिला येऊन मिळणारी पनवेलची खाडी, खाली चौलचे बंदर आणि पलीकडे वसई-सोपारा, असे हे जाळे. जेथे सिडकोने कामोठे, कळंबोली यांसारखी उपनगरे वसवली तो पनवेलचा खाडीपट्टा आणि माहीमचे बेट यांच्यामध्ये आज शीव-पनवेल महामार्ग आहे. तेव्हा पाणी होते. या पाण्याचे दुसरे टोक येमेन, होर्मुझ आणि इजिप्तला होते. दहाव्या शतकाच्या आरंभी मसूदी या अरब प्रवाशाने सैमूर, म्हणजे चौल येथे दहा हजारांच्या आसपास मुस्लिम वस्ती असल्याचे नोंदवले आहे. उत्तर हिंदुस्थानात हनफी विधिपरंपरा प्रबळ असताना कोकणी मुसलमान आजही शाफई परंपरेचे आहेत. खुष्कीच्या मार्गाने फार्सी आली, तशी समुद्राच्या मार्गाने अरबी आली, याची ही जिवंत खूण होय. लेखाच्या आरंभी ज्या वाटेचा उल्लेख केला तीहून ही वाट वेगळी आहे.

मखदूम अली यांचा जन्म हिजरी ७७६ मध्ये आणि मृत्यू ८३५ मध्ये झाला. इसवी सनाच्या हिशेबाने १३७४ ते १४३२ च्या सुमारास. घराणे नवायत, म्हणजे अरब मूळ सांगणाऱ्या किनाऱ्यावरील समाजापैकी. त्यांच्या उत्तरायुष्यात माहीम गुजरातच्या सुलतानाच्या अमलाखाली होते, आणि १४३० च्या आसपास बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने ते घेतल्यावरून दोन सल्तनतींत युद्ध झाले. माहीमचे काजीपद मखदूम यांच्याकडे होते अशी परंपरा आहे. विधिज्ञ, भाष्यकार आणि सूफी ही तिन्ही नाती एका व्यक्तीत होती, आणि तीही एका झगडत्या सरहद्दीवरच्या बंदरात.

लोकस्मृतीने यांतील एकच नाते सांभाळले. आई रात्री पाणी मागून झोपी गेली आणि मुलगा पेला घेऊन पहाटेपर्यंत उभा राहिला, ही त्यांच्या बालपणीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. माहीमच्या दर्ग्यावर डिसेंबरात दहा दिवसांची जत्रा भरते आणि पहिल्या चादरीचा मान मुंबई पोलिसांकडे असतो. ‘फकीह’ म्हणजे विधिज्ञ आणि ‘फकीर’ म्हणजे निष्कांचन यांच्यात मराठी लिपीत एका अक्षराचे अंतर आहे. ते अंतर भाविकांच्या मनात कधीच मिटले. यात भाविकांचा दोष नाही. अभ्यासकांनीही त्या एका अक्षराची विचारपूस केली नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे.

५

मखदूम अली यांचे लेखन अरबीत आहे आणि ते बहुतांशी भाष्यरूप आहे. त्यातील तीन दिशा येथे पाहू.

पहिली दिशा कुराणावरील ‘तबसीर अर्-रहमान’ या भाष्याची. हा ग्रंथ १८७८ मध्ये कैरोच्या बुलाक मुद्रणालयात दोन खंडांत छापला गेला. कोकणात लिहिलेली संहिता इजिप्तमध्ये छापण्याजोगी वाटली, यावरून तिच्या वाचकवर्गाची कल्पना येते. या भाष्याचा विशेष म्हणजे आयतींमधील परस्परसंबंधांचा शोध. वरकरणी तुटक भासणारी वचने एकापुढे एक का येतात, याचे कारण भाष्यकार देत जातो. त्याहून लक्षणीय गोष्ट ‘बिस्मिल्लाह’ची. एक अपवाद सोडता प्रत्येक सूरेच्या आरंभी येणारे हे वचन शब्दशः एकच असते. माहिमी मात्र प्रत्येक ठिकाणी त्या त्या सूरेच्या आशयाला धरून त्याचा निराळा अन्वय लावतात. एकच वाक्य संदर्भ पालटला की नवे बोलते, हे तत्त्व आज आपल्याला आधुनिक अर्थनिर्णयनशास्त्राने शिकवले असे वाटते. पंधराव्या शतकातील माहीममध्ये ते भाष्याची कार्यपद्धती होते.

येथे बुद्धी आणि गूढदृष्टी यांचे विभाजन करू पाहणाऱ्याची पंचाईत होते. संगती दाखवणे हे तर्काचे काम आहे. पण एकच नाम प्रत्येक स्थळी वेगळ्या रूपाने प्रकट होते, हा विचार इब्न अरबी यांच्या प्रकटीकरणाच्या सिद्धान्ताशी सुसंगत आहे. तेथे एकच सत्ता अनंत रूपांत प्रकटते आणि प्रकटीकरणाची पुनरावृत्ती होत नाही. माहिमींच्या भाष्यात या सत्ताविचाराची वाचनपद्धती झाली आहे, असे म्हणण्यास जागा आहे. एका आरंभीच्या आयतीच्या व्याकरणिक रचनेच्या शक्यता मोजणारा प्रबंधही त्यांच्या नावावर सांगितला जातो. व्याकरण जेथे गणितापाशी पोहोचते आणि गणित अनंतापाशी, अशा सीमेवरचा हा व्यवसाय आहे.

दुसरी दिशा इब्न अरबींच्या ‘फुसूस’वरील आणि कुनवींच्या ‘नुसूस’वरील भाष्यांची. ‘फुसूस’ची सत्तावीस प्रकरणे सत्तावीस पैगंबरांशी जोडलेली आहेत आणि त्यांची भाषा सूचक, प्रसंगी विरोधाभासात्मक आहे. त्याच सुमारास येमेनमध्ये झबीदच्या शाफई विधिज्ञ इब्न अल्-मुक्री यांनी इब्न अरबींविरुद्ध मोहीम चालवली होती. समान विधिपरंपरेच्या आणि समुद्रमार्गे जोडलेल्या कोकणातील विधिज्ञाने इब्न अरबींचा पक्ष घेणे, ही त्यामुळे एकांतातील साधना उरत नाही, ती एका चालू वादातील भूमिका ठरते. अनुभवाच्या नावाने केलेले विधान शास्त्राच्या न्यायासनापुढे समर्थनीय ठरवायचे, हे या भाष्याचे प्रयोजन आहे. ज्याला अनुभव आला त्याला भाष्याची गरज नसते. भाष्य लिहिले जाते ते अनुभव न आलेल्या, पण विचार करू शकणाऱ्या वाचकासाठी. भाष्य लिहिणारा गूढवादी आपल्या कृतीनेच बुद्धीचे प्रामाण्य काही अंशी मान्य करतो.

तिसरी दिशा विधींची कारणमीमांसा करणाऱ्या ‘इन्आम अल्-मलिक’ या ग्रंथाची. धर्माज्ञांमागे हेतू आहेत आणि ते बुद्धीला आकळू शकतात, ही त्याची धारणा. पुढे अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी याच विषयावर ‘हुज्जतुल्लाह अल्-बालिगा’ हा विख्यात ग्रंथ लिहिला. त्याच्या तीन शतके आधी हा प्रयत्न कोकणात झाला होता.

या तिन्ही दिशा एकत्र पाहिल्या म्हणजे माहिमींच्या लेखनातील बुद्धीचे स्थान स्पष्ट होते. ती सत्याची निर्माती नाही. संहिता, अनुभव आणि विधी तिला दिलेले आहेत, आणि त्या दिलेल्यांमधील संगती प्रकट करणे हे तिचे कार्य आहे. अर्थात, ही बुद्धी संहितेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करीत नाही. आगरकरांच्या परंपरेतील बुद्धिप्रामाण्याशी तिची गल्लत करणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल. शिवाय ती अल्पसंख्य विद्वानांची बुद्धी होती. इब्न रुश्द काय किंवा इब्न अरबी काय, दोघांनाही आपला विचार सर्वांसाठी आहे असे वाटत नव्हते. मर्यादांसह पाहूनही एवढे उरते की, गूढवाद म्हणजे विचाराचा राजीनामा हे समीकरण येथे लागू पडत नाही.

६

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. वेदान्ताच्या अधिकरणरचनेत विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त यांच्या जोडीने ‘संगती’ हे अंग मानलेले आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या (१२९०) दहाव्या अध्यायाच्या आरंभी मागील नऊ अध्यायांचा अन्वय दिला आहे, आणि अठरावा अध्याय गीताप्रासादाचा कळस म्हणून उभा केला आहे, एका संहितेचे भाग एकमेकांशी कसे बांधले आहेत याची ही जाण आहे. ‘अमृतानुभवा’तील अज्ञानखंडनाचे दीर्घ प्रकरण तर तर्काच्या धारेवरच चालते. अनुभवाच्या शब्दातीततेवर ज्यांची अढळ श्रद्धा होती त्याच ज्ञानेश्वरांनी प्रतिपक्षाला पळवाट न ठेवणारा युक्तिवाद केला. गुरुदेव रानडे यांनी महाराष्ट्रातील गूढवादावर लिहिताना, साक्षात्काराची शक्ती बुद्धी, भावना व इच्छा यांना छेद देत नाही, त्यांच्या मुळाशी जाते, असे प्रतिपादन केले (१९३३). ते विधान ज्ञानेश्वरांना लागू करताना आपण कचरत नाही. माहिमींना मात्र आपण केवळ पीर म्हणून ओळखतो.

येथे प्रभावाचा दावा करावयाचा नाही. ज्ञानेश्वर आणि माहिमी यांना जोडणारा धागा शोधण्याचा मोह, हा समन्वयवादी समीक्षेचाच जुना मोह आहे. साम्य आहे ते वाङ्मयप्रकाराचे : दोघेही भाष्यकार आहेत, आणि भाष्य हा असा प्रकार आहे की ज्यात अनुभवाला कारणे द्यावी लागतात आणि कारणांना आपली सीमा ओळखावी लागते. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ (१६४५) हा मराठी ओवीग्रंथ आपण वाचतो तो समन्वयाचा दाखला म्हणून. त्यातील खंडन, वर्गीकरण आणि युक्तिवाद यांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्या ग्रंथाचेही वेगळे वाचन संभवते.

प्रश्न केवळ एका विस्मृत ग्रंथकाराच्या पुनर्वसनाचा नाही. ‘चांगला मुसलमान’ म्हणजे गाणारा, प्रेमळ, शास्त्रात न शिरणारा सूफी, अशी एक प्रतिमा आपल्या सार्वजनिक भाषेत रुजली आहे. ती सद्भावनेने वापरली जाते, पण तिच्यामुळे एका संपूर्ण समाजाच्या वाट्याला भावना येते आणि विचार नाकारला जातो. त्या समाजातील तर्क मग परका किंवा धोकादायक तरी ठरतो. पंधराव्या शतकात माहीमच्या एका काजीने व्याकरण, तर्क, विधी आणि साक्षात्कार यांना एकाच भाष्यात जागा दिली, ही वस्तुस्थिती या प्रतिमेला छेद देते.

महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासाची व्याख्या ‘मराठीत लिहिलेले’ एवढीच केली, तर संस्कृतातील ग्रंथ आपण सवलतीने आत घेतो आणि अरबीतील बाहेर ठेवतो. या निवडीचे समर्थन भाषेच्या आधारे करता येणार नाही. ‘तबसीर’ची छापील प्रत जवळजवळ दीड शतक उपलब्ध आहे. तिच्यासाठी अरबी जाणणारा आणि ज्ञानेश्वरीची टीकापरंपराही जाणणारा अभ्यासक हवा. मराठी आणि अरबी विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका सूरेपुरते जरी माहिमींचे ‘बिस्मिल्लाह’वरील विवेचन मराठीत आणले, तरी ‘हकीकत’ या शब्दाचा हरवलेला अर्थ त्याच भूमीवर पुन्हा अभ्यासविषय होईल, जिथे तो एकदा लिहिला गेला होता.